तुम्ही वाट पाहत गेला नाहीत, भाऊजी

भाऊजी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. तुमच्या वजनकाट्याबद्दल कधी कुणा शेतकऱ्यानं तक्रार केली नाही म्हणाले, तुमच्याशिवाय गेट सुनं वाटतं म्हणाले. इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाले, "बिचारा माणूस. एका पुस्तकाची वाट पाहत पाहत गेला. अन् गेला त्याच आठवड्यात पुस्तक घरी आलं." अख्ख्या मांडवानं चुकचुक केली. तुमच्या फोटोजवळ ते पुस्तक कुणीतरी नेऊन ठेवलं होतं, फुलं वाहावीत तसं, त्याच्याकडे बघून बाया डोळ्याला पदर लावू लागल्या. मला तिथंच उठून सांगावंसं वाटलं की हे साफ खोटं आहे. पण पंगत बसायची होती, वरण चुलीवर होतं, आणि घरच्या सुनेनं अशा वेळी भांडायला उठायचं नसतं. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही कुठंतरी बसून हे वाचत असाल असं मी मानत नाही. तुम्हीही मानत नव्हता. बॅनरवर तुमच्या नावामागे कैलासवासीऐवजी 'कालकथित' लिहिलेलं पाहून माझ्या मनात आलं, हा शब्द तुम्हाला आवडला असता. तुमच्यासारख्या गोष्टी-गोठी सांगणाऱ्या माणसाला शोभतो. पण मानत नसले तरी तुमच्याशी बोलायची सवय आहे, ती काही कार्यक्रम उरकला म्हणून सुटत नाही.

आपलं सगळं सुरू झालं ते मलकापूर स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवरून. तुम्ही कुणाला तरी गाडीत बसवून द्यायला गेला होतात, गाडी लेट होती, आणि येताना हे जाडजूड पुस्तक घेऊन आलात. 'धुक्याची वेस', भाग पहिला. मी विचारलं, हे काऊन आणलं? तर म्हणे, "एवढं जाड हाय, याच्यात काहीतरी आसनच." तेव्हा मी या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. दहावीनंतर माझं वाचणं म्हणजे किराण्याच्या पुडीचा कागद. तुम्ही चार दिवस ते पुस्तक समोरच्या खोलीत उशाशी ठेवलंत आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात.

"वहिनी, डोये काम नाई करून राह्यले. दोन पानं वाचून दाखवता काय?"

मी तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, शेंगा कोण सोलेल? तुम्ही टोपलं ओढून घेतलंत. तेव्हापासून आपला नेम झाला. मी वाचायचं, तुम्ही हातात जे असेल ते काम करायचं. आणि मी अट घातली होती, सासूबाई गोठ सांगताना घालायच्या तीच. हूं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तर सांगणाऱ्यानं तिथंच थांबायचं, मग राजकुमार विहिरीत लटकत राहिला तरी चालेल. तुम्ही इमानदारीनं हूं म्हणायचात. भीतीचं पान असलं की बारीक, पुस्तकातली तानीबुढी बोलायला लागली की मोठ्यानं.

आतल्या खोलीत तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, बातम्या लावून बसायचे. आपलं वाचन सुरू झालं की टीव्हीचा आवाज वाढायचा. कधी कधी दारात येऊन बोलायचे, "आपल्या घरात भुताखेताच्या गोठी चालू हायेत काय? लोकाले अंधश्रद्धेवर भाषणं देता, अन् घरात धुक्यातल्या बुढीसाठी जीव टाकून राह्यले." तुम्ही म्हणायचात, "दादा, हे मानाचं नसते, आयकाचं असते." ते परत जायचे, आणि टीव्हीचा आवाज अजून एक घर वर.

ज्यांनी ते पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण उद्या हे कुणाच्या हाती पडलं तर त्यांना वाटायचं दीर-भावजय कोणत्या बुढीवरून भांडत होते. एक गाव असतं, त्याला कोट असतो आणि वेस असते. रोज संध्याकाळी वेशीबाहेर धुकं येतं. त्या धुक्यात शिरलेलं माणूस वापस येत नाही. म्हणून दिवस मावळायच्या आत वेस लावून घ्यायची, आणि ते काम तानीबुढीकडे असतं. दात पडलेली, तोंडाची फाटकी, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालणारी. तिच्या शिव्या थेट आपल्या सासूबाईंच्या वळणाच्या होत्या. त्या शिव्या वाचताना तुम्ही हातातलं काम थांबवून बसायचात, ते मी बघत होते.

पहिला संपल्यावर तुम्ही दुसरा भागही आणलात, तो आपण पावसाळ्यात संपवला. शेवटच्या पानावर वेशीची कडी तुटते, धुकं आत येऊ लागतं, आणि आता वेस लावायची तर अडसर धुक्याच्या बाजूनंच घालावा लागणार असतो. तानीबुढी कंदील उचलते, एक सणसणीत शिवी देते आणि पलीकडे जाते. अडसर पडल्याचा आवाज येतो. भाग दुसरा समाप्त. खाली बारीक अक्षरात, तिसरा भाग लवकरच.

त्या 'लवकरच'नं आपला किती छळ केला.

भांडण तर त्याच संध्याकाळी सुरू झालं. तुम्ही म्हणालात, बुढी वापस येईन. मी म्हणाले, कशी येणार? अडसर तिच्या बाजूनं आहे. तिनं उघडला तर धुकं गावात येईल, आणि तसं करणारी ती नव्हे. ती गेली. तुम्ही चिडलात. "गावाले एकच वेस रायते काय? दुसरी आसन कुठीतरी." मी म्हणाले, दुसरी वेस असती तर हजार पानांत एकदा तरी आली असती. तुम्ही म्हणालात, "तिसऱ्या भागात येईन. लेखकानं लपवून ठेवली आसन." मी म्हणाले, भाऊजी, लेखकानं आधी भाग लिहावा, मग वेस लपवावी.

पण लेखक काही लिहीना. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. मोबाईलवर तो कधी प्रवासाचे फोटो टाकायचा, कधी त्याच्या गच्चीवरच्या वांग्यांचे. त्या वांग्यांवर तुमचा फार राग. तुम्ही मला खाली लिहायला सांगितलंत, "वांगे पाहून राह्यलो आम्ही. पुस्तक कुठी हाय?" मी 'पाहत आहोत' असं शुद्ध करून लिहिलं, तर तेही तुम्ही बदलायला लावलंत. त्याच्यापर्यंत आपला राग आपल्याच बोलीत पोचला पाहिजे म्हणे. मग त्यानं मधेच एक दुसरंच पुस्तक काढलं, काहीतरी झाडांवरचं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "हे लिहाले येळ हाय त्याले," एवढंच म्हणालात आणि ड्युटीवर गेलात. तुमच्या दादांना वाटलं जिनिंगवर काही झालं.

जिनिंगवर झालं ते नंतर. दिवाळी उलटली की कापसाच्या ट्रॅक्टरांची लाईन गेटपासून पार हायवेपर्यंत जायची. माणसं सकाळची आलेली, नंबर संध्याकाळी लागायचा. त्यांचं डोकं तापू नये म्हणून तुम्ही काट्याजवळ बसल्या बसल्या त्यांना 'धुक्याची वेस' सांगायला लागलात. पहिला भाग, मग दुसरा. तिथंही तुमची तीच अट, हूं म्हणा. देऊळघाटचे गुलाबराव तर नंबर लागला तरी ट्रॅक्टर पुढे घेत नसत, मागचे हॉर्न वाजवत. असं करत करत गोठ वेशीपाशी आली, अडसर पडला, आणि गुलाबराव म्हणाले, "मंग?"

तुम्हाला सांगता आलं नाही की मंग काय ते लेखकालाच माहीत नाही. माझी खात्री आहे, लाज वाटली तुम्हाला. दिवसभर उन्हात बसलेल्या माणसाला, गोठ इथंच थांबली, जा घरी, असं कोणत्या तोंडानं सांगणार. तुम्ही म्हणालात, "मंग बुढी धुक्यातून चालाले लागली." आणि झालं. पुढचं तुमच्या मनातलं.

घरी येऊन सांगितलंत तेव्हा मी भडकले. दुसऱ्याच्या गोठीत हात घालू नका म्हणाले. हे काही आपल्या शेतातलं निंदण नाही, की मालक आला नाही तर आपण करून टाकलं. तुम्ही म्हणालात, "मालक वांगे लावून राह्यला, वहिनी. कोनीतरी पाह्यलं पायजे ना बुढीकडे." आठ दिवस आपण नीट बोललो नाही. आठव्या दिवशी मीच विचारलं, आज कुठवर गेली?

तानीबुढी तुमच्या तोंडून दोन हंगाम धुक्यात फिरली. दुसरी वेस शोधत. कधी तिला कोल्हा भेटला, कधी हरवलेलं एक लग्नाचं वऱ्हाड भेटलं, कधी तिचा कंदील विझला. पण वेस काही सापडेना. तुम्ही तिला सापडू देत नव्हतात. आणि मग लाईनीतली माणसं तुमच्यावरच चिडायला लागली. "बाबू, येते का नाई बुढी? का असंच फिरवता आमाले?" गुलाबरावांनी धमकी दिली, की पुढच्या खेपेला शेवट नाही सांगितला तर कापूस दुसऱ्या जिनिंगला नेईन. हे तुम्ही घरी सांगितलंत आणि मला इतकं हसू आलं की हातातली परात खाली ठेवावी लागली. म्हटलं, लावा आता गच्चीवर वांगी. तुम्ही कसनुसं हसलात आणि म्हणालात, "सोपं नसते वहिनी ते. शेवट सांगितला का मानसं उठून जातात." त्यानंतर लेखकाला तुम्ही एकही शिवी दिली नाही. मी मात्र देत राहिले, तुमच्या वाटणीचीही.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. ते सगळं मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे आणि मला आठवायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि तुम्ही परत समोरच्या खोलीत आलात. त्याच सुमाराला लेखकानं तिसऱ्या भागाची तारीख जाहीर केली. भाच्याकडून तुम्ही आधीच नोंदणी करून घेतली. मग ती तारीख पुढे गेली. रोज सकाळी मी चहा घेऊन आले की तुमचा पहिला प्रश्न, "आलं का?" दुखतं का, जेवण जाईल का, काही नाही. "आलं का?" मी नाही म्हटलं की तुम्ही भिंतीकडे वळायचात. त्या दिवसांत मला त्या लेखकाचा जो राग आला तो मी कुणाला सांगितला नाही. मला एकच भीती होती. भाऊजी असेच, हा प्रश्न तोंडात घेऊन जातील. मॅनेजर मांडवात जे बोलले ना, ते तेव्हा खरं होऊ घातलं होतं.

म्हणून एक दिवस मी म्हणाले, "भाऊजी, आणा हो तिला वापस. तुमचीच गोठ आहे आता. सापडू द्या दुसरी वेस. मी काही बोलणार नाही." तुम्ही भिंतीकडून माझ्याकडे वळलात. म्हणालात, "गुलाबरावले फोन लावा."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, आणखी तिघांना घेऊन. रामराम, जयभीम झालं. मी खुर्च्या मांडल्या, तुमच्या पाठीला दोन उशा लावल्या. तुमचे दादा आत होते. तुम्ही सगळ्यांकडे पाहिलंत आणि आवाज नव्हता तरी दम दिलात, "हूं म्हनत जा."

आणि गोठ सांगितलीत. बुढी चालत होती. हूं. कंदिलात तेल नव्हतं. हूं. चालत चालत ती कुठं आली, तर फिरून त्याच वेशीपाशी आली, धुक्याच्या अंगानं. समोर तिनंच घातलेला अडसर. पलीकडून गावाचा आवाज येत होता, पोरं रडत होती, कुणीतरी भाकरी थापत होतं. गुलाबराव हूं म्हणायचे विसरले. तुम्ही थांबलात. त्यांनी घाईनं हूं म्हटलं.

"मंग? उघडला का तिनं अडसर?"

"नाई उघडला."

"मंग?"

"मंग काय. वेस बंद रायली, गाव वाचलं. बुढीनं कंदील बाजूले ठेवला. चपला काहाडल्या. धुकं म्हंजे आपल्या जिनिंगमधल्या पिंजलेल्या कापसावानी मऊ. त्याले टेकून बसली, अन् म्हने, चला, आता कोनाले लावाचं नाई अन् कोनाले उघडाचं नाई. झालं. संपली गोठ."

मला वाटलं गुलाबराव आता रडतात. तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "एवढ्यासाठी दोन हंगाम फिरवलं काय बाबू आमाले?" आणि तुम्ही हसलात. पोट धरून, दुखत असताना हसलात. सगळेच हसले. मी चहा टाकायला आत गेले, कारण माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना.

ती माणसं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "तुमचंच खरं झालं, वहिनी." मी म्हणाले, मला नको होतं माझं खरं व्हायला. मी तर वापस आणा म्हटलं होतं. तुम्ही मान हलवलीत. "थकली आसन बुढी. बसू द्या आता तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले. दारातच माझा पाय अडखळला, आता प्रश्न येणार म्हणून. तुम्ही म्हणालात, "साखर जरा जास्त टाकली आसती तं बरं झालं आसतं." एवढंच. त्या दिवशीही नाही, पुढेही कधी नाही, "आलं का?" हे तुम्ही विचारलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी तशीच तुमच्या खाटेच्या पायाशी बसून राहिले. त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. पण जे काढले ते चहाची चव बघण्यात, दादांशी क्रिकेटवरून वाद घालण्यात, खिडकीतून गाड्यांचे आवाज ऐकून कोणती अप आणि कोणती डाऊन ते ओळखण्यात. ज्याला वाट पाहायची असते तो असा नसतो. म्हणून म्हणते, मॅनेजर खोटं बोलले. तुम्ही पुस्तक संपवून गेलात.

एक गोष्ट राहिली. तुमचे कपडे आवरताना शर्टाच्या खिशात चष्मा सापडला. जवळचं वाचायचा. तो मला काही आज नवा नाही. पहिल्या दिवशी, तुरीच्या शेंगा सोलत होतात तेव्हाही तो खिशातच होता, दांडी बाहेर दिसत होती. तुमच्या डोळ्यांना काही धाड भरली नव्हती. हे घर, ही चूल, यातून रोज तासभर मला बाहेर काढायचं होतं तुम्हाला, आणि ते असं सरळ बोललं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मला ठाऊक होतं, आणि मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. फार केलंत माझ्यासाठी, भाऊजी.

आता तिसऱ्या भागाचं. कार्यक्रमानंतर मी तो फोटोजवळून उचलला आणि फडताळावर ठेवला. वाचायचा नाही असं ठरवलं. तुमच्या शेवटाच्या वर दुसरा शेवट कशाला, आणि वाचला तरी हूं कोण म्हणणार. काल संध्याकाळी मात्र राहवलं नाही. तुमच्या खाटेच्या जागी चटई टाकली, पुस्तक उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. पहिलं वाक्य धुक्याचंच होतं. ते वाचलं आणि थांबले, जसं नेहमी थांबायचे. समोर भिंत. मी आणखी एक वाक्य वाचलं, पुन्हा थांबले. मग म्हटलं नाही जमत, आणि पुस्तक मिटायला घेतलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "हूं."

मी दचकून आत पाहिलं. टीव्ही बंद होता. किती वेळचा बंद होता कोण जाणे. तुमचे दादा अंधारात खुर्चीत बसले होते, पाठ माझ्याकडे.

"थांबली काऊन वं?" ते म्हणाले. "तानीबुढीनं अडसर लावला, तठून पुढं वाच."

मी वाचायला लागले.